गेटसाठीचा काळा

मागच्या दाराच्या पायरीवर लोखंडी कढई, तिच्यावर उपडी घातलेली परात, परातीवर बोक्यानं पाडू नये म्हणून ठेवलेला दगड — आणि त्या झाकणाच्या फटीतून येणारा रात्रभर भिजलेल्या मेंदीचा वास... ओल्या पाल्याचा, गंजाचा, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाच्या पाण्याचा. शिमगा सरला, उन्हाला धार आली, सकाळचं नळाचं पाणीसुद्धा कोमट यायला लागलं, की हा वास आमच्या घरात मुक्कामाला यायचा. कुणाच्या मार्च महिन्याला आंब्याच्या मोहराचा वास असतो, कुणाच्या मार्चला परीक्षेच्या शाईचा. माझ्या मार्चला केसांच्या रंगाचा वास आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो आला की मला आधी थकवाच येतो.

मंगळवार पेठेत एका बोळाच्या टोकाला आमच्या दोन खोल्या होत्या. मागं फरशी घातलेलं लहानसं अंगण, त्यात नळ, कपडे धुवायचा दगड, आणि पलीकडे शकीलचाचांचं दार. शकीलचाचा आणि माझे वडील — त्यांना मी आबा म्हणायचे — कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एकाच फौंड्रीत कामाला होते. ‘पंचतारांकित’ हा शब्द मला तेव्हा फार श्रीमंत वाटायचा. आबा पहाटे डबा घेऊन जातात ते कुठल्या तरी चकचकीत हॉटेलातच जात असणार, मग संध्याकाळी नाकपुड्यांपर्यंत काळी माती भरून येतात ती कुठून, हे कोडं सुटायला मला बराच काळ लागला. साचे करायची ती माती. कितीही आंघोळ करा, सकाळी उशीच्या अभ्र्यावर तिचा डाग असायचाच.

कामाला म्हणजे कंत्राटी. ठेका मार्चअखेर संपायचा आणि एप्रिल लागला की सगळ्यांना पुन्हा गेटबाहेर रांगेत उभं करायचे. मुकादम रांगेवरून चालत जायचा. कागद बघायचा नाही, हात बघायचा नाही. डोकं बघायचा. काळं डोकं आत, पांढरं डोकं बाजूला. हा नियम कुठं लिहून लावलेला नव्हता. लिहिला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. म्हणून मग मार्चच्या शेवटच्या रविवारी पेठेतले त्या फौंड्रीचे सगळे गडी आमच्या अंगणात केस काळे करायला जमायचे, कारण नळ अंगणात होता आणि आबांचा हात हलका होता. त्या रंगाला अंगणात नावच पडलं होतं — गेटसाठीचा काळा.

रंग किती तऱ्हेचे असतात, हे मला शाळेतल्या रंगपेटीआधी तिथं कळलं. आईचा आणि रेहानाकाकींचा — शकीलचाचांच्या बायकोचा — रंग कढईतला, मेंदीचा. काळ्या केसावर मेंदी जवळजवळ दिसत नाही, उन्हात नुसती तांबूस झाक मारते. पण पांढऱ्या केसावर चढली की तो केस निखाऱ्यासारखा नारिंगी पेटतो. लोखंडात, चहाच्या पाण्यात भिजवली तर तो नारिंगी जरा दबतो, भाजलेल्या विटेकडे झुकतो. म्हणून ज्याचे चार केस पिकलेत त्यानं मेंदी खुशाल लावावी, निम्मं डोकं पिकलेल्यानं मात्र त्या विटेची तयारी ठेवावी. मेंदी केसाला वरून लपेटते आणि हळूहळू फिकी होत जाते... भांडण न करता निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखी. गड्यांचा रंग पुडीतला. काळी भुकटी, टवका उडालेल्या चिनी मातीच्या बशीत पाणी घालून कालवायची आणि जुन्या दातांच्या ब्रशनं ओढायची. तो केसाच्या आत शिरतो आणि केस वाढून कापला जाईपर्यंत हटत नाही. पण तो काळा माणसाच्या केसाचा काळा नव्हेच. खऱ्या काळ्या केसात थोडा तपकिरी असतो, थोडा धूर असतो; पुडीतला काळा उन्हात निळा मारतो, बुटाच्या पॉलिशसारखा. पुढं नळीतला क्रीमचा रंग आला, त्यात गडद तपकिरी मिळायला लागला, आणि उन्हानं, भट्टीनं रापलेल्या चेहऱ्यांना तोच शोभला असता हे मला आता कळतं. आपल्या मूळ केसापेक्षा किंचित फिका रंग निवडला की चेहरा मऊ दिसतो. पण गेटवर शोभा कोण बघत होतं? गेटला तपकिरी चालत नव्हता. गेटला शंकाच नको होती.

आणि पत्रकं. आबा कामावरून आले की जेवून जमिनीवर पालथे पडायचे आणि पत्रक लिहायचे — ‘कंत्राटी कामगार बंधूंनो’ असं सुरू होणारं. ती पत्रकं गुलाबी, पोपटी, पिवळ्या पातळ कागदावर छापून यायची, निम्मी वाटली जायची, निम्मी आमच्या कॉटखाली उरायची. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. माझ्या तोंडात ‘कमळ’ नंतर आलं, ‘कायम’ आधी. उरलेली पत्रकं आम्ही फळ्यांवर अंथरायचो, माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची, आणि त्या रविवारी त्यांच्या गळपट्ट्या व्हायच्या: थोडी पत्रकं एकावर एक ठेवून गळ्याशी अर्धगोल कापायची आणि मानेमागं कपड्याच्या चिमट्यानं पकडायची. रंगाचा ओघळ शर्टावर जायच्या आधी ‘कायम करा’ या मागणीवर जायचा. घामानं गुलाबी कागदाचा रंग मानेला लागायचा. दगडावर, पायरीवर, बादली पालथी घालून बसलेली ती माणसं — काळी डोकी, गुलाबी माना — मला कुठल्या तरी लांबून आलेल्या पक्ष्यांसारखी वाटायची.

“मान वाकीव की लेका,” आबा म्हणायचे. “मागं पांढरं ऱ्हायलं तर मुकादम पाठीमागनं वळखंल.”

“पाठीमागनं बघायला मी काय नवरी हाय व्हय?” शकीलचाचा म्हणायचे.

“नवरीचं त्वांड बघत्यात. तुझ्या तोंडाकडं कोण बघतंय?”

सगळे हसायचे. मग शकीलचाचा वाकलेल्या मानेतूनच बोलायचे, “आन काय रं दत्त्या, पत्रकात लिवतोस, कुणापुढं वाकू नका. हितं सगळ्यांच्या माना तूच वाकवालाईस.”

आबा हसायचे नाहीत. ब्रश बशीत बुडवायचे आणि पुढचा केस धरायचे.

मी पाचवीत होते त्या वर्षी चुलतभावाच्या लग्नासाठी आबांनी फेब्रुवारीतच रंग लावला. आदल्या साली कानामागं नुसती खाज आली होती, तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नव्हतं. या वेळी दुसऱ्या सकाळी आबांचे डोळे उघडेनात. पापण्या फुगून एक झालेल्या, कानांच्या पाळ्यांना पाणी सुटलेलं, टाळूवर फोड. पेठेतल्या डॉक्टरांनी केस बारीक कापायला लावले आणि आईकडं बघून सांगितलं, “हा रंग पुन्हा नाही. या खेपेला तोंड सुजलंय, पुढच्या खेपेला गळा सुजेल. कुठलाही रंग लावायच्या आधी कानामागं ठिपका लावून दोन दिवस थांबायचं असतं. पुडीच्या पाठीवर लिहिलेलं असतं ते.” कामगार कायद्याची बारीक अक्षरं उन्हाकडं धरून वाचणाऱ्या आबांनी पुडीची पाठ कधी वाचली नव्हती.

फोड वाळले. केस उगवले ते करडे, आणि कानांच्या वर तर सरळ पांढरे. आणि मार्च पुढंच उभा होता. आमचं सगळं घर त्या एका पगारावर चालायचं. आबांना बाजूला काढलं तर चूल कशावर पेटायची, हा प्रश्न घरात कुणी उच्चारत नव्हतं, पण तो ताटाशेजारी येऊन बसायचा. आई रोज रात्री आबांच्या टाळूला खोबरेल लावायची, आणि त्या बारीक, करड्या केसांवरून बोटं फिरवत एवढंच म्हणायची, “औंदा गेटला काय दावायचं, अवो?”

वाट रेहानाकाकींनी दाखवली. आधी मेंदी, ती धुतली की वर निळीच्या पानांची पूड. “कापडाची नीळ न्हवं हां, न्हाईतर त्यास्नी धुऊन वाळत घालशील,” असंही त्या म्हणाल्या. त्या पुडीत भुकटीतलं जहर नाही. आधी नारिंगी झालेला केस तिच्याखाली हिरवट होतो, मग निळसर, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाऱ्यावर मुरून काळा. मेंदी आणि नीळ दोन्हींचा ठिपका आबांच्या कानामागं लावला. दोन दिवस आई आणि मी त्या कानाकडं बघत होतो. काही उठलं नाही. आई त्या दिवशी गाणं गुणगुणली.

रविवारी मेंदी लावून झाली, धुऊन झाली. आबांचं डोकं पेटलेल्या पलित्यासारखं दिसत होतं आणि आई निळीची पूड कालवत होती... कच्च्या वाटाण्याच्या शेंगांसारखा तिचा वास अंगणभर पसरला होता. रेहानाकाकी नेमक्या भावाकडं मिरजेला गेलेल्या. नीळ लावायच्या आधी आई थबकली. महिनाभर ज्या टाळूचे फोड तिनं पुसले होते त्या टाळूवर पुन्हा काहीतरी थापायचं, हे तिच्या हाताला सोसेना. तिनं खोबरेलाची बाटली आणली आणि आबांच्या सगळ्या डोक्याला, केसांच्या मुळापासून टोकापर्यंत, तेल चोपडलं — निदान हे तरी चावू नये म्हणून. पुडीतल्या काळ्याच्या वेळी कपाळाच्या कडेला ती तेल लावायचीच, डाग पडू नये म्हणून. तेलावर नीळ चढत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी, एक एप्रिलला, उजाडलं तेव्हा आबांचं डोकं पावसात राहिलेल्या पत्र्यासारखं झालं होतं. तेल जिथं कमी पडलं तिथं निळसर काळे पट्टे, बाकी सगळं नारिंगी. आईनं तोंडावर हात धरला. आबांनी आरशात बघितलं, मग पायरीवरच्या पट्टेरी नारिंगी बोक्याकडं बघून म्हणाले, “भाऊबंद दिसालोय आमी दोगं.”

“टोपी घाला,” आई म्हणाली.

“गेटवर टोपी काढाय लावत्यात.”

“तेल लावलं नसतं तर...” आई म्हणाली. “माझ्यामुळं झालं वं सगळं.”

“तेलानं न्हाय झालं,” आबा म्हणाले. “गेटानं झालं.” आणि डबा घेऊन गेले.

पुढचं शकीलचाचांनी त्या संध्याकाळी पायरीवर बसून सांगितलं. आबा दुपारीच परत आले होते आणि आत भिंतीकडं तोंड करून पडले होते. मुकादम रांगेवरून येत येत आबांपुढं थांबला. “पावणं, डोस्क्यावर काय वाळत घातलंय?” रांग हसली. आबा म्हणाले, “वय.” मुकादम म्हणाला, “मग ते घरी वाळवा,” आणि हातानं बाजूला व्हायची खूण केली. बस, इतकंच. ज्या भट्टीपुढं आबांचे केस पिकले होते, तिचा धूर तिथून दिसत होता.

“मी आत गेलो, वैनी,” शकीलचाचा म्हणाले. “ह्याला बाजूला काढलं आन मी आत गेलो. थांबलो न्हाय.” त्यांचे केस काळेभोर होते, आदल्याच दिवशी आबांनी हाताला पिशव्या बांधून रंगवलेले.

आतून आबांचा आवाज आला, “जायाचंच की लेका. त्यापायीच तर रंगवलं तुला.”

आबा मग उद्यमनगरात एका लहान वर्कशॉपमध्ये कानशीनं ओतकाम घासायला लागले. पगार कमी, धूळ जास्त, पण तिथं डोकं कुणी बघत नव्हतं. आई शेजारणींचे ब्लाऊज शिवायला लागली. मेंदीचा नारिंगी फिका होत गेला, खालून पांढरा वर सरकत आला, आणि पावसाळा संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं, की आपल्या बापाच्या केसांचा खरा रंग आपण आज पहिल्यांदा बघतोय... तो पांढराही नव्हता, शाळूच्या पिठासारखा होता.

त्या हिवाळ्यात आबांनी केसांवर पत्रक लिहिलं. पिवळ्या कागदावर छापलेलं. केस पिकणं हा गुन्हा नाही, ते ज्या भट्टीपुढं पिकले तिनं माणसाला हाकलू नये. या मार्चला कुणीच डोकं रंगवायचं नाही, सगळे जसे आहेत तसे गेटवर उभे राहू, मग बघू किती जणांना बाजूला काढतात... मी पुढं आयुष्यात पुष्कळ पत्रकं वाचली, स्वतः लिहिली. त्याच्याइतकं सरळ वाक्य मला अजून जमलेलं नाही. आबांनी ते कागलच्या बसमध्ये, चहाच्या गाड्यावर, घरोघर जाऊन दिलं. मला तर खात्री होती. शब्द इतका खरा असला की माणूस हलणारच, असं मी अकरा वर्षांची असताना धरून चालले होते.

मार्चचा शेवटचा रविवार आला. सकाळी मागचं दार वाजलं. सगळे आले होते, आणि प्रत्येकाच्या हातात पुडी होती.

कुणी आत येईना, कुणी परत जाईना. नळ ठिबकत होता. आबांनी शकीलचाचांकडं बघितलं.

“पत्रक वाचलंस?”

“वाचलं की. लई चांगलं लिवलंयस.”

“मग?”

“मग काय, दत्त्या... पोरीचं लगीन हाय.”

मला वाटलं आता आबा ती बशी दगडावर आपटतील. मला ते हवं होतं, अगदी मनापासून. आबा घरात आले, कॉटखालून पिवळ्या पत्रकांचा गठ्ठा ओढला, कात्री घेतली आणि गळ्याशी अर्धगोल कापायला बसले. आईनं त्यांच्या हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, मनगटाशी दोरा घट्ट आवळून. ‘कुणीच डोकं रंगवायचं नाही’ हे वाक्य शकीलचाचांच्या गळ्याभोवती आलं, मागं चिमटा बसला, आणि आबा म्हणाले, “मान वाकीव.”

त्या दिवशी अंगणात कुणी विनोद केला नाही. मी खोलीत बसून बापाचा राग राग करत होते. आज तेवढा राग करायचं बळ नाही, आणि ते दृश्य डोळ्यांपुढून जातही नाही.

अशी पुढं बरीच वर्षं गेली. फौंड्री सुटल्यावर शकीलचाचांनी पुडी फेकून दिली आणि दाढीला मेंदी लावायला लागले, झगझगीत नारिंगी. “आता गेट न्हाय,” म्हणाले, “आता मला आवडंल ती.” रंग निवडण्याबद्दल मी ऐकलेलं हे सर्वांत शहाणं वाक्य आहे. केस किती पिकलेत, कातडी काय सोसते, चेहऱ्याला काय शोभतं हे सगळं बघावंच. पण त्याच्या आधी, आपण कुणाच्या डोळ्यांसाठी रंगतोय ते बघावं. दोन वर्षांपूर्वी आबा गेले तेव्हा चाचा उशाशी बसून त्यांच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत राहिले. “सगळ्यांची डोकी ह्यानं रंगवली,” एवढंच म्हणाले, “ह्याच्या डोक्याला मला कदी हात लावू दिला न्हाय.”

मी आता कॉलेजात शिकवते, तासावर. वर्ष संपलं की माझं कामही संपतं आणि पुन्हा मुलाखत द्यावी लागते. पत्रकं मी अजून लिहिते. ती आता फोनवर जातात, लोक हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि पुढं सरकतात. यंदा माझ्या डोक्यात पांढरी बट उठली आहे, कपाळाच्या मध्यापासून थेट मागं. विभागातल्या एका बाईंनी मायेनंच सांगितलं, “मुलाखतीला जरा नीटनेटकी ये. थकलेली दिसतेस गं, त्यांना तरतरीत माणूस लागतो.” त्यांच्या स्वतःच्या केसांचा काळा उन्हात निळा मारत होता.

दुकानात आता रंगांची अख्खी भिंत आहे. आकड्यांचे डबे: उग्र वास नसलेले, धुता धुता जाणारे, नुसत्या मुळांपुरते, वर्षभर टिकणारे. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, पांढरे झाकायचेत का फॅशनला पायजे?”

“मुलाखतीला,” मी म्हणाले.

“मग काळाच घ्या. तपकिरीत डाऊट येतोय.”

मी काळा घेतला. भांडले नाही. दमले होते.

आईनं डबा हातात घेतला, उलटा केला, पाठ वाचली. आमच्या घरात आता पाठ वाचल्याशिवाय काही उघडत नाहीत. काडीच्या टोकानं तिनं माझ्या कानामागं ठिपका लावला आणि म्हणाली, “दोन दिस थांब.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला खाज सुटली. खिडकीशी नेऊन तिनं कानाची पाळी पुढं दुमडली. कानामागून बोट फिरवलं. तिच्या बोटाला जाणवलं ते मला आरशात नंतर दिसलं: लाल चट्टा, कडेला बारीक पाण्याचे फोड.

“आबाचीच हायस गं,” आई म्हणाली.

आबांचं काय राहिलं माझ्याकडं, असं मी अधूनमधून स्वतःला विचारत असे, आणि उत्तरादाखल कॉटखालचे गठ्ठे आठवत असे. ते गठ्ठे गेल्या पावसात भिजून लगदा झाले. हे मात्र राहिलं.

“कढई काढू का?” आईनं विचारलं. “मेंदी भिजवते. सोसतीया की नाही ते तेवढं बगू आदी.”

“नको,” मी म्हणाले.

आज मुलाखतीची सकाळ. फळीवर ती कढई आहे, आतल्या कडेला मेंदीचं काळं वर्तुळ, कितीही घासलं तरी न जाणारं. आईनं चट्ट्यावर खोबरेल लावलं, हात केसांना पुसला आणि फणी घेतली.

“भांग कुटं पाडू?”

बट डावीकडं कानावर ओढली तर झाकली जाते, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं.

“मधोमध,” मी म्हणाले.

तिनं फणीचं टोक कपाळावर टेकवलं आणि सरळ रेघ ओढली.